पगाराची मूठ उघडा : बडोद्याच्या इंजिनियरांना आवाहन

लग्नाच्या बायोडेटात आपण पगाराचा आकडा लिहितो. घराच्या कर्जासाठी बँकेला तो स्लिपसकट देतो. नव्या कंपनीच्या एचआरने मागितल्या की शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा निमूटपणे काढून देतो. पण शेजारच्या टेबलावर तेच ड्रॉइंग तेवढ्याच जबाबदारीने तपासणाऱ्या सहकाऱ्याला तो आकडा आपण कधी सांगत नाही आणि त्याचाही विचारत नाही. ज्याला आपला पगार कळला तर आपले नुकसान होऊ शकते त्याला आपण तो सांगतो, आणि ज्याला कळून दोघांचाही फायदा होईल त्याच्यापासून लपवून ठेवतो.

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. घरी आलेल्या पाहुण्यापुरती ती रीत ठीक आहे. नोकरीच्या बाजारात मात्र ती फार महाग पडते. म्हणून बडोद्यातल्या इंजिनियरांना, विशेषतः इथल्या मराठी घरांतून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना, माझे एकच सांगणे आहे. आपापल्या क्षेत्रातल्या पगारांचे आकडे, कोणाचेही नाव न लावता, एका ठरलेल्या नमुन्यात, दरवर्षी एकत्र करा. आणि त्यातून जे कळेल ते मागणाऱ्या प्रत्येकाला द्या.

उघडे पगार आणि झाकलेले पगार

बडोदे हे आजचे नव्हे, सव्वाशेहून अधिक वर्षांपासूनचे तंत्रशिक्षणाचे शहर आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने इथे कलाभवन उभे राहिले. 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच कलाभवनातून विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा घडली. 1962 मध्ये खते बनवणाऱ्या जीएसएफसीची स्थापना झाली, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, 1969 मध्ये पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल आली. या मोठ्या प्रकल्पांच्या आधाराने आणि आजूबाजूने मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पंप, व्हॉल्व्ह आणि प्रेशर व्हेसल बनवणारे कारखाने वाढले, नंदेसरीत रसायनांचे कारखाने आले. प्लँट उभारणाऱ्यांपाठोपाठ प्लँटचे डिझाइन करणारे आले. एल अँड टी आणि जपानची चियोडा यांनी 1994 मध्ये मिळून काढलेली कंपनी त्यांतलीच. सावलीला मेट्रोचे डबे तयार होऊ लागले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सी-295 विमाने जोडणाऱ्या टाटांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल, कोणत्याही शाखेचा पदवीधर असो, त्याच्यासाठी या शहराच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात काम आहे.

या परिघात पगाराच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. रिफायनरीत रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याची वेतनश्रेणी भरतीच्या जाहिरातीतच छापलेली असते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या श्रेण्या कोणालाही वाचता येतात : ई-1 साठी मूळ वेतन 40,000 ते 1,40,000 रुपये, ई-2 साठी 50,000 ते 1,60,000, ई-3 साठी 60,000 ते 1,80,000. जेटको आणि एमजीव्हीसीएल या सरकारी वीज कंपन्यांची मुख्य कार्यालये बडोद्यातच आहेत. त्यांच्या ज्युनियर इंजिनियरला पहिल्या वर्षी किती मिळणार हे अर्ज भरण्याआधीच कळते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपल्या अधिकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन कोणी न मागताच प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. संस्थानाच्या काळातही सरकारी पगार दप्तरी नोंदलेला असे. श्रीअरविंद 1893 मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीत महिना 200 रुपयांवर रुजू झाले, हे म्हणूनच आजही सांगता येते.

मकरपुऱ्याच्या किंवा मांजुसरच्या खासगी कारखान्यात, किंवा हायवेलगतच्या डिझाइन ऑफिसात पाऊल टाकले की हे सगळे बंद होते. जाहिरातीत ‘उद्योगातील सर्वोत्तम वेतन’ एवढेच लिहिलेले असते. मुलाखतीत आधी तुमचा सध्याचा पगार विचारतात आणि मग त्यावर काही टक्के वाढवून देतात. एकाच विभागात एकाच वर्षी रुजू झालेल्या दोघांत किती फरक आहे हे त्या दोघांनाही ठाऊक नसते. सरकारने पाहणी केली म्हणून माहितीची ही उणीव भरत नाही. देशातल्या रोजगाराची नियमित सरकारी पाहणी नोकरदारांची सरासरी कमाई सांगते, पण बडोद्यातल्या पाच वर्षे अनुभवाच्या पाइपिंग इंजिनियरला काय मिळते ते तिच्यात सापडत नाही. ते आपणच गोळा करायला हवे.

गप्प राहण्याची किंमत

पगार ठरवायला दोघे समोरासमोर बसतात तेव्हा त्यांतल्या एकाजवळ बाजाराचा तक्ता असतो. मोठ्या कंपन्या मर्सर, एऑन यांसारख्या सल्लागार संस्थांच्या वेतन पाहण्यांत भाग घेतात आणि त्यांचे अहवाल विकत घेतात. कोणत्या पदाला, किती अनुभवाला, कोणत्या शहरात काय चालले आहे हे त्यांना माहीत असते. त्यात गैर काही नाही, धंदा करणाऱ्याने माहिती ठेवायलाच हवी. पण समोर बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाजवळ काय असते? एका मित्राने सांगितलेला एक आकडा आणि आत्याच्या जावेच्या मुलाला पुण्यात मिळालेल्या ‘पॅकेज’ची ऐकीव बातमी. एवढ्यावर तो आयुष्यातला पहिला सौदा करतो.

आणि हा पहिला सौदा पुढे कित्येक वर्षे पाठ सोडत नाही. समजा, दोघे एकाच योग्यतेचे. एक 25,000 वर लागला, दुसरा 30,000 वर. दोघांनाही दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी पहिला सुमारे 54,000 वर असेल आणि दुसरा सुमारे 64,800 वर. पाच हजारांचा फरक जवळजवळ अकरा हजारांचा झाला. कामात कोणी कमी पडले नाही. फक्त पहिल्या दिवशी एकाला बाजारभाव माहीत नव्हता. त्याने नोकरी बदलली तरी नवी कंपनी जुनी स्लिप पाहूनच पुढचा आकडा काढते, त्यामुळे जुना तोटा नव्या घरातही सोबत येतो.

मुलींचे नुकसान याहून जास्त होते. बाळंतपणानंतर वर्ष-दोन वर्षांचा खंड पडला की ‘सध्याचा पगार’ सांगायलाच नसतो, आणि मग जो मिळेल तो स्वीकारला जातो. अमेरिकेतल्या लिली लेडबेटर यांची हकिगत प्रत्येक नोकरदार बाईने वाचावी. त्या अलाबामातल्या गुडइयर टायर कारखान्यात 1979 पासून काम करत होत्या, पर्यवेक्षकाच्या जागेवर. अनेक वर्षांनी कोणीतरी निनावी चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचवली, तेव्हा त्यांना कळले की त्यांचा पगार महिना 3,727 डॉलर आहे आणि त्याच जागेवरच्या पुरुषांना 4,286 पासून 5,236 डॉलरपर्यंत मिळतात. त्या कोर्टात गेल्या. 2007 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल विरोधात दिला, कारण तक्रार वेळेत केली नव्हती. जे माहीतच नव्हते त्याची तक्रार वेळेत कशी करणार? 2009 मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला आणि ती मुदतीची अडचण दूर झाली. पण त्यांची गेलेली वर्षे आणि त्या पगारावर बेतलेले पेन्शन काही परत आले नाही. निनावी चिठ्ठीवर कोणाचे भवितव्य अवलंबून राहू नये, यासाठीच आकडे आधी एकत्र हवेत.

आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुष असा भेद करून कमी वेतन देण्यास मनाई आहे. पूर्वीच्या वेतन अदायगी कायद्याला महिना 24,000 रुपयांची मर्यादा होती, म्हणून बहुतेक इंजिनियर त्याच्या बाहेर राहत. संहितेत ती मर्यादा उरलेली नाही. समान वेतनाचा हक्क कागदावर आहे. पण शेजारच्याला किती मिळते हे ठाऊक नसेल, तर हा हक्क मागायचा कशाच्या आधारावर?

काय लिहून घ्यायचे

‘तुझे पॅकेज किती?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निरुपयोगी असते, कारण सीटीसी हा आकडा कंपनीच्या खर्चाचा असतो, तुमच्या हातात येणाऱ्या पैशाचा नव्हे. एक हिशेब मांडून दाखवतो.

पहिल्या कंपनीने वर्षाला 6 लाखांची सीटीसी दिली. म्हणजे महिना 50,000. त्यात बेसिक 25,000. कंपनीचा पीएफचा हिस्सा 12 टक्के म्हणजे 3,000, ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के म्हणजे 1,202, मेडिक्लेमचा हप्ता 800, आणि 10 टक्के व्हेरिएबल म्हणजे 5,000. व्हेरिएबल वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. हे सगळे आधीच वजा झाल्यावर उरले 39,998. त्यातून तुमचा पीएफ 3,000 आणि गुजरातचा व्यवसाय कर 200 गेला. हातात आले 36,798.

दुसऱ्या कंपनीने 5 लाख 40 हजारांची सीटीसी दिली. महिना 45,000, बेसिक 22,500. पीएफ 15,000 रुपयांच्या मर्यादेवर म्हणजे 1,800, ग्रॅच्युइटी 1,082, मेडिक्लेम कंपनी वेगळा देते, व्हेरिएबल नाही. उरले 42,118. त्यातून 1,800 आणि 200 गेले. हातात आले 40,118.

साठ हजारांनी ‘लहान’ असलेल्या पॅकेजमध्ये दरमहा 3,320 रुपये जास्त हातात पडले. अर्थात पहिल्या नोकरीत दरमहा पीएफमध्ये 6,000 जमतात आणि दुसरीत 3,600, तेही मोजले पाहिजे. पहिलीत व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर पारडे पुन्हा फिरते. म्हणून नुसते एक पॅकेज विचारण्यापेक्षा हे सगळे भाग वेगवेगळे लिहून घ्या.

माझ्या मते नमुन्यात एवढ्या गोष्टी असाव्यात, याहून जास्त नकोत :

1. शाखा आणि प्रत्यक्ष काम : प्रोसेस, पाइपिंग, स्ट्रक्चरल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेंटेनन्स, क्वालिटी, प्रोजेक्ट, विक्रीनंतरची सेवा.

2. शिक्षण : डिप्लोमा, पदवी, पदव्युत्तर. डिप्लोमावाला आणि पदवीधर तेच काम करत असतील तर ते दिसले पाहिजे.

3. एकूण अनुभव आणि सध्याच्या नोकरीतली वर्षे.

4. नोकरीचा प्रकार : कंपनीच्या रोलवर, ठेकेदाराच्या रोलवर, ठराविक मुदतीवर, की ट्रेनी. हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. एकाच हॉलमध्ये एकाच सॉफ्टवेअरवर बसलेले दोघे वेगवेगळ्या रोलवर असतात आणि त्यांच्या पगारात, रजेत, विम्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

5. वर्षाची सीटीसी, त्यातले व्हेरिएबल आणि गेल्या वर्षी त्यातले प्रत्यक्ष किती मिळाले.

6. बेसिक, पीएफ कशावर कापतात आणि महिन्याला हातात किती येते.

7. आठवड्याचे कामाचे तास, शिफ्ट, शनिवारी सुट्टी आहे की नाही, आणि साइटवर गेल्यास भत्ता किती.

8. बॉण्ड आहे का, नोटिस पिरियड किती.

9. बस, कँटीन, घरच्यांसह मेडिक्लेम : आहे की नाही, एवढेच.

10. स्त्री की पुरुष. हे लिहिणे ऐच्छिक असावे.

आखातात किंवा पुण्या-मुंबईत असलेल्यांचे आकडे हवेत, पण त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. घरभाडे, मुलांची फी आणि कराचे नियम तिथे वेगळे असतात. ते इथल्या आकड्यांत मिसळले की दोन्ही बिघडतात.

नाव नको, स्लिपही नको

बडोदे मोठे असले तरी एकेका कामाचे वर्तुळ लहान आहे. ‘अमुक कामात बारा वर्षे, मांजुसर, स्त्री’ एवढे वाचून ओळखीचे लोक माणूस ओळखतील अशी कितीतरी कामे इथे आहेत. म्हणून काही पथ्ये पाळावीत, आणि त्यांत ढिलाई करू नये.

नाव, फोन, जन्मतारीख, कंपनीचे नाव यांतले काही घेऊ नका. कंपनीऐवजी ‘मोठी बहुराष्ट्रीय’, ‘मोठी भारतीय’, ‘लघुउद्योग’ अशी वर्गवारी पुरते. स्लिपचा फोटो, ऑफर लेटरची प्रत मागू नका आणि कोणी मागितली तर देऊ नका. पगार नेमका लिहिण्याऐवजी जवळच्या हजारात लिहा. ज्या गटात पाचांपेक्षा कमी उत्तरे आली तो गट वेगळा दाखवू नका, शेजारच्या गटात मिळवा. तक्ता तयार झाला की मूळ उत्तरे पुसून टाका. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरा, आणि कोणी आपली नोंद काढून टाका म्हणाला तर वाद न घालता काढा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागचा विचारही हाच आहे, आणि कायदा नसता तरी सभ्यता हेच सांगते.

हे काम ऑफिसच्या ईमेलवरून किंवा कॉम्प्युटरवरून करू नका. जो माणूस स्वतः कोणाची भरती करतो किंवा कोणाचे इन्क्रिमेंट ठरवतो त्याच्या हातात मूळ उत्तरे देऊ नका. निवृत्त इंजिनियर आणि शिक्षक यांना मी इथे विशेष विनंती करतो. तुमचे कोणाशी स्पर्धेचे नाते उरलेले नाही आणि मुलांचा तुमच्यावर विश्वास आहे. वर्षातून दोन-चार संध्याकाळी या कामाला द्या.

नियुक्तीपत्रात गोपनीयतेची अट असेल तर ती आधी नीट वाचा. कंपनीचे नकाशे, दर, ग्राहक यांची गुप्तता पाळणे हे आपले कर्तव्यच आहे. पगाराचा उल्लेख त्या अटीत स्पष्टपणे असेल, तर जाणकार वकिलाला विचारून मगच पुढे जा. अमेरिकेत 1935 च्या कायद्यानेच बहुतेक खासगी कामगारांना आपसांत पगाराबद्दल बोलण्याचे संरक्षण दिले आहे. आपल्याकडे तसे स्पष्ट संरक्षण नाही, म्हणून काळजी आपली आपणच घ्यायची.

आकडे वाचायचे कसे

समजा, सात जणांचे हातात येणारे पगार हजारांत असे आले : 22, 24, 25, 27, 30, 34, 95. सरासरी काढली तर 36.7 हजार येते. पण सातांपैकी सहा जणांना त्याहून कमीच मिळते! एका मोठ्या आकड्याने सरासरी वर ओढली. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो 27 हजार येतो आणि खरी स्थिती तोच सांगतो. म्हणून तक्त्यात नेहमी हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, द्या. त्याच्या जोडीला खालच्या आणि वरच्या चतुर्थांशाच्या सीमा द्या, आणि किती जणांच्या उत्तरांवरून काढले ते ठळक लिहा. सहा जणांचा मध्यक आणि साठ जणांचा मध्यक यांना सारखे वजन देता येत नाही.

आणखी एक धोका लक्षात ठेवा. ज्याला चांगला पगार आहे तो आनंदाने सांगतो आणि ज्याला कमी आहे तो संकोचाने मागे राहतो. त्यामुळे असा तक्ता सहसा खऱ्यापेक्षा वरचे चित्र दाखवतो. उपाय एकच : संकोच करणाऱ्याकडे आपणहून जायचे आणि नाव न लिहिता त्याचा आकडा घ्यायचा. कमी पगार ही त्याच्या लायकीची मोजदाद नाही, हे त्याला आवर्जून सांगायचे.

आईवडिलांनाही मध्यकाचा उपयोग आहे. कॉलेजच्या मोठ्या फलकांवर ‘सर्वोच्च पॅकेज’ लिहिलेले असते आणि तो पगार एका विद्यार्थ्याचा असतो. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक द्यावा लागतो आणि ती माहिती संस्थेने प्रसिद्ध करायची असते. प्रवेशाची फी भरण्यापूर्वी तो आकडा मागा. तो मिळाला नाही, तर का मिळाला नाही हे विचारा.

शंका आणि त्यांची उत्तरे

याने ऑफिसात हेवेदावे वाढतील, अशी भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. ती निराधार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर अर्थतज्ज्ञांनी केलेला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहकाऱ्यांचे पगार कळल्यावर मध्यकापेक्षा कमी पगाराच्या लोकांचे समाधान घटले आणि दुसरी नोकरी शोधण्याकडे त्यांचा कल वाढला, तर वरच्यांचे समाधान मात्र वाढले नाही. म्हणजे सत्य कळल्याने मनाला त्रास होतो. पण त्या त्रासाचे मूळ फरकात आहे, तो कळण्यात नाही. शिवाय मी सुचवतो तो तक्ता नावांचा नाही. शेजारच्याचा पगार उघडा पाडण्यासाठी तो नाही. आपल्या कामाचा बाजारभाव काय, एवढेच त्यातून कळते.

दुसरी शंका अशी की सगळे उघड झाले तर मालक वरच्यांचे पगार रोखून धरतील. हेही काही अंशी खरे आहे. डेन्मार्कमध्ये 2006 च्या कायद्यानंतर स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरी कमी झाली ती मुख्यतः पुरुषांच्या पगारवाढीचा वेग मंदावल्याने, असे संशोधकांना आढळले. ज्याचा आकडा आज फार वर आहे त्याला थोडी झळ लागू शकते. पण चाळिशीनंतर नोकरी गेली तर तोच माणूस पुन्हा बाजारात उभा राहतो, आणि तेव्हा त्यालाही हाच तक्ता हवा असतो.

जग याच दिशेने चालले आहे. युरोपीय संघाने 2023 मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश संमत केला आणि तो अमलात आणण्यासाठी सदस्य देशांना 7 जून 2026 ची मुदत दिली. त्यानुसार उमेदवाराला सुरुवातीच्या पगाराची माहिती मुलाखतीआधी किंवा निदान पगाराची बोलणी होण्याआधी द्यावी लागते आणि त्याचा जुना पगार विचारता येत नाही. बडोद्यात ज्यांचे कारखाने आणि डिझाइन ऑफिसे आहेत अशा काही कंपन्यांचे मूळ घर युरोपात आहे. जे त्यांना तिथे जमते ते इथे अशक्य कसे म्हणायचे? अमेरिकेतल्या केमिकल इंजिनियरांची संस्था दर दोन वर्षांनी आपल्या सभासदांच्या पगारांची पाहणी करून ती छापते. व्यवसायाचा मान राखणाऱ्या संस्थेचे हे कामच आहे. इथल्या आपल्या व्यावसायिक संस्थांनी आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघांनीही ते हाती घ्यावे.

लहान कारखानदारांनाही मला सांगायचे आहे. सहा महिने शिकवून तयार केलेला मुलगा पाच हजारांसाठी सोडून जातो, ही तुमची नेहमीची तक्रार असते. बाजारभावाचा तक्ता तुमच्याही हाती आला, तर कोणत्या जागेवर आपण मागे आहोत हे तुम्हाला वेळेत कळेल. जिथे पैशाने बरोबरी जमत नाही तिथे ठराविक वेळ, शिकण्याची संधी आणि स्पष्ट बढती यांनी माणूस टिकवता येईल.

आता काय करायचे

पगारवाढीची पत्रे बहुतेक ठिकाणी एप्रिल ते जुलैच्या दरम्यान हातात पडतात. ती पडली की आपल्या बॅचमधल्या दहा-पंधरा जणांपासून सुरुवात करा. विद्याशाखेची बॅच असो, पॉलिटेक्निकची असो, की गणपतीत एकत्र येणारी मंडळी असोत. शंभर जणांची वाट पाहत बसू नका. वरचा नमुना घ्या, आपल्या कामाप्रमाणे एखादा रकाना बदला, दोन विश्वासू माणसे नेमा आणि महिनाभरात तक्ता पुरा करा. तो पुढच्या वर्षी पुन्हा करा, कारण दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच वाढ कळते.

तक्ता हाती आल्यावर त्याचा वापर शांतपणे करा. मुलाखतीत ‘तुमची अपेक्षा किती?’ असे विचारले की जुन्या पगारावर टक्के लावू नका. या कामाला, या अनुभवाला बडोद्यात अमुक ते अमुक मिळते आणि माझी अपेक्षा त्यात आहे, असे सांगा. इन्क्रिमेंटच्या बैठकीत सहकाऱ्याचे नाव काढू नका, बाजाराचा आकडा ठेवा आणि आपले काम ठेवा. ठेकेदाराच्या रोलवर असाल तर निदान पीएफचे पासबुक दर महिन्याला पाहा, कापलेले पैसे जमा होतात की नाही ते त्यात दिसते. आणि तक्त्यावरून आपला पगार बाजारापेक्षा चांगला निघाला, तर तेही मोकळेपणाने मान्य करा आणि त्या नोकरीची कदर करा.

सगळ्यांत आधी एक काम आजच करा. आपली शेवटची स्लिप काढून बसा आणि आपल्या पगाराचे सगळे भाग स्वतःसाठी कागदावर लिहा. मग तुमच्यापेक्षा लहान, नुकत्याच नोकरीला लागणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला बोलावून तो कागद समजावून द्या. दुसऱ्याचा आकडा विचारण्याआधी आपला सांगा.